मँचेस्टरचा दुसरा क्रमांक

१९५८-५९ सालच्या इंग्लिश फुटबॉल लीगचा अखेरचा तक्ता कोणी समोर ठेवला, तर त्यात विशेष पाहण्यासारखे काही आहे असे प्रथमदर्शनी वाटणार नाही. पहिला वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, गुण ६१. दुसरा मँचेस्टर युनायटेड, गुण ५५. सामने ४२, विजय २४, बरोबरी ७, पराभव ११; केलेले गोल १०३. दुसरा आलेल्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. आम्ही मात्र आज या दुसऱ्या क्रमांकाचीच हकिकत सांगावयास उभे आहो. कारण हा हंगाम सुरू झाला त्याच्या साडेसहा महिने आधी या संघाचे विमान कोसळले होते आणि त्यात झालेल्या जखमांनी आठ खेळाडू दगावले होते. ते क्रमांक लावण्याच्या स्थितीत आले कसे आणि आले म्हणजे नेमके किती आले, हा आमचा विषय.

फुटबॉलचा नाद नसलेल्या श्रोत्यांसाठी एवढे सांगितले पाहिजे की, त्या काळी इंग्लंडच्या पहिल्या विभागात बावीस क्लब असत. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावयाचे, एकदा घरी व एकदा परक्या गावी. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. ऑगस्टात आरंभ, वसंत ऋतूत अखेर. याखेरीज एफ. ए. चषकाची स्वतंत्र स्पर्धा. तीत एकदा हरला तो बाद. आणि १९५५ पासून युरोपातील निरनिराळ्या देशांच्या विजेत्या संघांसाठी युरोपियन चषक सुरू झालेला होता. इंग्लिश लीगच्या चालकांना हे नवे प्रकरण मनापासून पसंत नव्हते. युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बस्बी यांनी त्यांचा सल्ला बाजूस सारून १९५६ मध्ये आपला संघ युरोपात उतरवला.

५ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडला रेड स्टार संघाशी ३-३ अशी बरोबरी करून युनायटेडने उपान्त्य फेरी गाठली. शनिवारी घरी लीगचा सामना होता, तोही वुल्व्हरहॅम्प्टनशी; तेव्हा वेळेवर परतणे भाग होते. म्हणून खास विमान ठरविलेले. ते इंधनासाठी म्युनिचला उतरले. परत उड्डाणाचे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या वेळी धावपट्टीवरील अर्धवट वितळलेल्या बर्फातून त्याला पुरता वेग घेता आला नाही, आणि कुंपण मोडून ते पलीकडच्या घरावर आदळले. एकूण तेवीस माणसे प्राणास मुकली. कर्णधार रॉजर बर्न, जेफ बेंट, एडी कोलमन, मार्क जोन्स, डेव्हिड पेग, टॉमी टेलर, बिली व्हेलन हे जागच्या जागी गेले. एकवीस वर्षांचा डंकन एडवर्ड्स इस्पितळात पंधरा दिवस मृत्यूशी झुंजून गेला. क्लबचे चिटणीस वॉल्टर क्रिकमर आणि टॉम करी व बर्ट व्हॉली हे दोघे शिक्षक गेले. आठ वृत्तपत्रकारही गेले. बस्बी स्वतः इतके जायबंदी झाले होते की, धर्मगुरूंना दोनदा बोलावून अंत्यविधी उरकण्यात आला.

बस्बींचे साहाय्यक जिमी मर्फी त्या विमानात नव्हते. ते वेल्सच्या राष्ट्रीय संघाचेही व्यवस्थापक होते आणि आदल्या दिवशी कार्डिफला वेल्स विरुद्ध इस्रायल असा विश्वचषकाचा सामना होता, म्हणून ते मागे राहिले. विमानात एरवी ते ज्या जागी बसत त्या जागेवर व्हॉली बसले होते, असे सांगतात. मँचेस्टरला परत आल्यावर त्यांना बातमी कळली. म्युनिचला जाऊन आल्यावर या माणसापुढे जे काम पडले ते शोकसभेचे नव्हते. चषकाच्या सामन्यासाठी अकरा माणसे गोळा करावयाची होती!

तो सामना १९ फेब्रुवारीला शेफिल्ड वेन्सडेशी झाला. कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या खेळाडूंच्या नावांच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. छापावयाची कोणाची हे छापखान्यात कागद गेला तेव्हा ठरलेच नव्हते. ब्लॅकपूलकडून अर्नी टेलर हा वयस्क पण कसलेला गडी घेतला. अॅस्टन व्हिलाच्या स्टॅन क्राउदरची सही सामना सुरू होण्यास तासभर उरला असता झाली. तो त्या वर्षी आपल्या क्लबकडून चषकात खेळून चुकलेला. नियमाप्रमाणे त्याला दुसऱ्यांकडून खेळता आले नसते, पण नियम शिथिल करण्यात आला. हॅरी ग्रेग आणि बिल फोक्स हे दोघे त्या विमानातून सुटलेले. तेराव्या दिवशी मैदानावर उभे. साठ हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. राखीव संघातून उचललेल्या शे ब्रेननने, जो त्या आधी पहिल्या संघात कधी खेळलाही नव्हता, दोन गोल केले. तिसरा अॅलेक्स डॉसनचा. त्याला अठरा वर्षे पुरी व्हायला दोन दिवस कमी होते. युनायटेड ३-० ने जिंकले.

या रात्रीला चमत्कार म्हणण्याचा प्रघात आहे. भावनेचा जोर त्या रात्री होता हे आम्ही नाकारीत नाही. वेन्सडेच्या खेळाडूंच्या अंगात त्या गर्दीपुढे बळ उरले नसेल तर नवल नाही. पण ब्रेनन आणि डॉसन आकाशातून पडले नव्हते. १९४५ मध्ये बस्बी आले तेव्हापासून त्यांनी व मर्फींनी पंधरा-सोळा वर्षांची पोरे हेरून, घरी ठेवून, शिकवून वाढविण्याचे काम नेटाने केले होते. कुमारांचा एफ. ए. चषक १९५३ पासून १९५७ पर्यंत ओळीने पाच वर्षे युनायटेडने जिंकला होता. वरचे पीक एका झटक्यात गेले, तेव्हा रोपवाटिकेतील रोपे हाताशी होती. ती कोवळी होती एवढेच.

कोवळी होती याचा प्रत्यय लवकरच आला. चषकाच्या स्पर्धेत हा संघ थेट अंतिम फेरीपर्यंत गेला खरा, पण ३ मे रोजी वेंब्लीवर बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने दोन गोल करून त्यांना हरविले. दुसऱ्या गोलाच्या वेळी त्याने ग्रेगला चेंडूसकट खांद्याने आत लोटले. तो गोल द्यावा की न द्यावा यावर वाद झाला, पण दिला गेला. युरोपियन चषकात मिलानने ४-० असा धुव्वा उडविला. लीगमध्ये तर म्युनिचनंतरच्या चौदा सामन्यांपैकी एकच जिंकला. संघ नववा आला.

म्हणजे खरी परीक्षा पुढच्या हंगामाची होती. सहानुभूती एका रात्रीचा सामना जिंकून देईल, बेचाळीस सामने नाही.

ऑगस्टात बस्बी पुन्हा कामावर होते. पहिल्याच सामन्यात, २३ ऑगस्टला, चेल्सीचा ५-२ असा पराभव झाला आणि त्यात तीन गोल बॉबी चार्ल्टनचे. हा विशीतला पोरगा म्युनिचला खुर्चीसकट विमानाबाहेर फेकला गेला होता. पण आरंभीचा हा आवेश टिकला नाही. सप्टेंबरात बस्बींनी शेफिल्ड वेन्सडेच्याच अॅल्बर्ट क्विक्झॉलला ४५,००० पौंड देऊन घेतले. ब्रिटनमध्ये एका खेळाडूसाठी तोवर इतकी रक्कम कोणी मोजली नव्हती. गंमत अशी की, एवढ्या किमतीच्या या खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांवर पगार देण्याची मुभा नव्हती, कारण तशी कमाल मर्यादाच होती. ती पुढे १९६१ मध्ये उठली. ‘रोपवाटिका’ म्हणून मिरविणाऱ्या क्लबाने पैसे ओतून माणूस आणावा, यावर टीकाही होणारच. आम्हांला वाटते, बस्बींना आपल्या पोरांची मर्यादा इतरांपेक्षा आधी कळली होती.

क्विक्झॉल आला आणि संघ सुधारण्याऐवजी घसरला. १५ नोव्हेंबरला बोल्टनने ६-३ ने झोडपले. याच सामन्यात वॉरन ब्रॅडली प्रथम पहिल्या संघात खेळला. त्याच्याविषयी थोडे अधिक सांगण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. हा गृहस्थ शाळामास्तर. बिशप ऑकलंड या हौशी खेळाडूंच्या क्लबाने अपघातानंतर युनायटेडच्या राखीव संघाला उभे राहण्यास मदत म्हणून जे तीन खेळाडू दिले, त्यांतला हा एक. मदतीला आला तो तेथेच राहिला, बारा गोल केले, १९५९ मध्ये इंग्लंडकडूनही खेळला. आणि मास्तरकी सोडली नाही.

२२ नोव्हेंबरला ल्यूटनला २-१ ने हरविले आणि तेथून गाडी रुळावर आली. बर्मिंगहॅम, लेस्टर, प्रेस्टन, चेल्सी, नाताळात पाठोपाठच्या दोन दिवशी अॅस्टन व्हिला, मग ब्लॅकपूल. लीगचे असे आठ सामने एकामागून एक जिंकले. चार्ल्टनचे हंगामात २९ गोल झाले, डेनिस व्हायोलेटचे २१. व्हायोलेटच्या डोक्याला म्युनिचला मार बसला होता. डाव्या बगलेचा अॅल्बर्ट स्कॅनलन, ज्याच्या कवटीचे हाड मोडले होते, तो बेचाळीसच्या बेचाळीस सामने खेळला. आणि नेमके या विजयांच्या रांगेनंतर, १० जानेवारीला, तिसऱ्या विभागातल्या नॉर्विच सिटीने चषकातून त्यांना ३-० असे बाहेर काढले. फेब्रुवारीत वुल्व्हरहॅम्प्टनला त्यांनी घरच्या मैदानावर २-१ ने हरविले. पण ती ढाल वुल्व्हरहॅम्प्टननेच राखली.

युरोपियन फुटबॉल संघटनेने त्या वर्षी युनायटेडला सहानुभूतीखातर युरोपियन चषकाचे खास निमंत्रण दिले होते. तुम्ही विजेते नाही, असे कारण दाखवून मायदेशीच्या चालकांनी जाऊ दिले नाही. नियमाच्या दृष्टीने ते बरोबर होते. मात्र शेफिल्डच्या सामन्यासाठी नियम वाकविणारे हातही मायदेशीचेच होते, हे विसरता येत नाही. बर्नचा यंग बॉइज संघ, ज्याच्याशी त्यांची गाठ पडायची होती, तो न खेळताच पुढे गेला.

येथवर तक्त्याचे झाले. आता तक्त्यात न येणाऱ्या गोष्टी. केन मॉर्गन्स अठरा वर्षांचा असताना त्या विमानातून जिवंत निघाला. हातपाय शाबूत, पण त्याचा खेळ परत आला नाही. या हंगामात तो पहिल्या संघात क्वचितच दिसला आणि १९६१ मध्ये स्वान्सीला निघून गेला. जॉनी बेरी आणि जॅकी ब्लँचफ्लॉवर पुन्हा कधीच खेळू शकले नाहीत. ते ज्या घरांत राहत ती क्लबची होती, आणि खेळणाऱ्यांसाठी होती. ती त्यांना सोडावी लागली. संघ १०३ गोल करीत असता या घरांतून सामान हलत होते, हे दोन्ही एकाच इतिहासात लिहिले पाहिजे. दिवंगतांच्या व जखमींच्या कुटुंबांसाठी मोठा मदत-सामना झाला तो चाळीस वर्षांनी, १९९८ च्या ऑगस्टात. बेरी तोवर वारले होते; ब्लँचफ्लॉवर त्यानंतर महिन्याभरात वारले. वैमानिक जेम्स थेन यांच्यावर पंखांवरील बर्फ न काढल्याचा ठपका ठेवला गेला होता. तो १९६९ मध्ये ब्रिटिश चौकशीने पुसला.

आणि खुद्द संघ? १९५९-६० मध्ये व्हायोलेटने लीगमध्ये ३२ गोल केले, तो क्लबचा विक्रम आजही मोडलेला नाही. तरी संघ सातवा आला. दुसरा क्रमांक हा प्रकृतीचा पुरावा नव्हता. तापात माणूस चार पावले झपाट्याने चालतो, तशातला तो प्रकार होता. १९६३ मध्ये चषक मिळाला, १९६५ व १९६७ मध्ये लीग. ज्या युरोपियन चषकासाठी ते बेलग्रेडला गेले होते, तो २९ मे १९६८ रोजी वेंब्लीवर बेन्फिकाला ४-१ ने हरवून हाती आला. म्युनिचच्या विमानातले दोघेच त्या अकरांत होते, फोक्स आणि चार्ल्टन. चार्ल्टनने दोन गोल केले. रात्री हॉटेलात मेजवानी झाली, तिला सगळे जमले. गेलेल्या मुलांचे आईबापही आले होते. चार्ल्टन खाली उतरण्यासाठी पुन्हा पुन्हा उठला, पण प्रत्येक वेळी त्याला घेरी येई. शेवटी तो आपल्या खोलीतच राहिला.