डोळा भाजत का नाही?

पुरुषोत्तमनगरच्या एका शाळेत प्रकाशाच्या अपवर्तनावर बोलत होतो. तास संपताना दहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, लेसरने लोखंड कापतात. मग चष्मा घालवताना डोळा भाजत कसा नाही?" या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे.

डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत जास्त वळतो तो नेत्रभिंगात नव्हे, तर पुढच्या पारदर्शक पारपटलावर. निकटदृष्टितेत प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. पारपटल मधोमध थोडे सपाट केले, की ती मागे सरकून दृष्टिपटलावर येते. तत्त्व एवढेच. पण पारपटलाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर! अडचण होती ती हत्याराची.

१९३९ नंतर जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी पारपटलाला आतल्या बाजूनेही चिरा दिल्या. नंबर उतरला, पण आतल्या थरातल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. काही वर्षांनी अनेक रुग्णांचे पारपटल सुजून धुरकट झाले. पुढे होझे बाराकेर यांनी पारपटलाची चकती काढून, गोठवून, लेथवर घासून पुन्हा बसवण्याची रीत मांडली. कल्पना धाडसी, पण हवी तेवढी अचूकता हाती येईना.

मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत अतिनील लेसरने प्लास्टिक कोरत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांनी सणाच्या जेवणातले उरलेले टर्की पक्ष्याचे तुकडे प्रयोगासाठी आणले. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने त्यांत स्वच्छ चर पडला, कडा करपल्या नाहीत. हिरव्या लेसरने मात्र ऊती भाजल्या.

का? या अतिनील प्रकाशाच्या एकेका कणात रेणूंमधले बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. तुटलेले तुकडे उडून जातात आणि बरीचशी उष्णताही सोबत नेतात. एका स्पंदात मिलिमीटरचा सुमारे चार हजारावा भाग निघतो. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह श्रीनिवासन यांनी हा लेसर पारपटलावर वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.

पुढचा प्रश्न वरच्या त्वचेचा. १९८० च्या दशकाअखेर रूढ होऊ लागलेल्या 'पीआरके'त ती खरवडून खाली लेसर मारतात. त्वचा काही दिवसांत भरून येते, पण तोवर डोळा दुखतो. 'लॅसिक'मध्ये पातळ झाकण उचलून, आत लेसर मारून ते परत बसवतात. ग्रीसच्या इओआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास ही रीत माणसाच्या डोळ्यावर केली. दुसऱ्याच दिवशी बऱ्यापैकी दिसते; मात्र जोराचा मार बसल्यास झाकण सरकू शकते, डोळे कोरडेही पडतात. एकविसाव्या शतकात आलेल्या 'स्माइल'मध्ये झाकणच नाही. अवरक्त लेसरचे अतिसूक्ष्म काळाचे स्पंद पारपटलाच्या पोटातच भिंगासारखी चकती कापतात आणि ती छोट्या चिरेतून ओढून काढतात.

तिन्ही रीतींत पारपटल थोडे कमी होते, ते परत येत नाही. म्हणून आधी जाडी मोजतात, आणि वय अठरा होऊन नंबर स्थिर होईपर्यंत थांबतात. लांबलेला नेत्रगोल तसाच राहतो. दृष्टिपटलाची तपासणी सुटत नाही.

त्या मुलीच्या नाकावर जाड चष्मा होता. तिचा खरा प्रश्न मला उशिरा कळला. तिला सांगितले, "अजून थांब. तोवर चष्माच बरा." आणि मागे बसलेल्या शिक्षकांना म्हटले, "लेसर करूनही तुमची चाळिशी चुकायची नाही, कारण ती भिंगाची!"