शिवण थोडे, हसणे फार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी गुरुवारच्या हस्तकला वर्गावर काहीतरी इतिहासपर लिहून द्यावे, असे संपादिकाबाईंनी सांगितले आणि मी हो म्हणून बसले. पुढे आठच दिवसांनी कार्यकारिणीच्या बैठकीत वर्षाचे हिशेब मांडले गेले. त्यात हा वर्ग तोट्यात असल्याचे निघाले. वर्षभरात विकल्या गेलेल्या रुमालांचे, तोरणांचे नि झबल्यांचे पैसे दोरा, लोकर आणि विजेचे बिल यांना पुरले नव्हते. गुरुवारी दुपारी सभागृह भाड्याने दिले तर मंडळाला चार पैसे मिळतील, अशी सूचना पुढे आली. सूचना मांडणाऱ्या भगिनी माझ्या जुन्या मैत्रीण आहेत. त्या हसत म्हणाल्या, "नाहीतरी गुरुवारी शिवण थोडे नि हसणे फार!"

मला राग आला. पण घरी येऊन चहा घेतला, जरा शांतपणे विचार केला, तेव्हा वाटले, त्या म्हणाल्या त्यात खोटे ते काय? आम्ही हसतो हे खरेच. प्रश्न उरतो तो इतकाच की, हे हसणे म्हणजे कामातली तूट, की कामाचेच एक उत्पन्न? इतिहास लिहायचाच आहे तर याच प्रश्नाच्या मागे जावे असे ठरवले. जे वाचले, आठवले, ते भगिनींपुढे ठेवते.

प्रथम आठवले ते जाते. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि दळता दळता ओव्या. त्यांत माहेर असे, भाऊ असे, विठोबा असे, सासूची तक्रारही असे. जे तोंडाने बोलायची चोरी, ते ओवीत म्हणता येई. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पुन्हा जात्यावर बसा असे मी कोणालाही सांगणार नाही. पण पिठाबरोबर जे निघत होते ते मात्र थांबले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या, म्हणून त्या आज आपल्याला वाचायला मिळतात. पिठाचे माप सर्वांनी ठेवले होते, ओवीचे कोणी ठेवले नव्हते. गिरणी आल्यावर आपले काय गेले, हे त्यामुळे लवकर कोणाच्या लक्षातही आले नाही.

दुसरी आठवण गोधडीची. उन्हाळ्याच्या दुपारी माझ्या आजीच्या ओसरीवर जुनी लुगडी नि धोतरे अंथरली जात आणि शेजारच्या तिघी-चौघी चहूबाजूंनी बसून धावदोरा घालू लागत. हा तुकडा कोणाच्या बाळंतपणातल्या लुगड्याचा, तो कोणाच्या लग्नातल्या, हे बोलणे ओघाने येईच. एखादा पुरुष ओसरीवरून गेला की सगळ्या गप्प. खाली मान घालून टाके चालू. तो वळणाआड गेला रे गेला की जो हशा उठे, त्याचे कारण विचारायची मुलींना परवानगी नव्हती. गोधडी चार दिवसांत व्हायची ती दहा दिवस चाले. आजीला घाई नसे. आता वाटते, तिला ती लवकर संपायलाच नको असे.

पण घरच्या ओसरीवर बसणे निराळे, आणि आठवड्याचा वार ठरवून घराबाहेर एकत्र जमणे निराळे. ही दुसरी गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांना सहजासहजी मिळालेली नाही. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. तेथे जाणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या माधवराव रानड्यांच्या घरी सून म्हणून आल्या. लिहिणे-वाचणे शिकल्या ते लग्नानंतर, पतीच्या आग्रहाने. शिकण्याबद्दल आणि सभेला जाण्याबद्दल घरातल्या वडील बायकांची किती बोलणी खावी लागली, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात सांगितले आहे. भगिनींनी ते पुस्तक अवश्य वाचावे. मला त्यात एक गोष्ट विशेष जाणवली. बाईने घरात कितीही काम केले तरी कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती बायकांनी घराबाहेर एकत्र बसण्याची.

१८९३ साली माधवराव हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा एक क्लब काढला आणि त्यात भाषा, सामान्यज्ञान यांच्याबरोबर शिवणकाम आणि हस्तकला यांचे वर्ग चालवले. शिवण तेथे का आली असावी? एक कारण उघडच आहे: हातात कसब आले तर बाई चार पैसे मिळवू शकते. दुसरे कारण माझ्या अंदाजाचे आहे. 'सभेला जाते' म्हटले तर घरात कपाळाला आठ्या. 'शिवण शिकायला जाते' म्हटले तर हरकत घ्यायला जागा नाही. सुईदोरा हा त्या काळी बायकांचा परवानाच होता म्हणा ना!

१९०१ साली माधवराव गेले आणि रमाबाई पुण्यास परतल्या. त्यानंतर १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधरांचे त्याला मोठे साह्य होते. संसारात पडलेल्या, वयाने वाढलेल्या बायका, विधवा, टाकलेल्या, यांना तेथे लिहिणे-वाचणे आणि शिवण-विणकाम शिकता येऊ लागले. पुढे त्यांतून कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका. केस काढलेली एक विधवा आणि भरल्या कपाळाची एक सवाष्ण शेजारी बसून एकच टाका शिकत आहेत, हे चित्र तेव्हाच्या पुण्यात किती नवे असेल! हळदीकुंकवाला त्या दोघी एका ओळीत बसल्या नसत्या.

स्वातंत्र्यानंतर हे लोण गावोगाव पोचले. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले. दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा. स्त्रियांच्या संस्थांना त्या मंडळाकडून अनुदाने मिळू लागली आणि शिवणाचे यंत्र ही महिला मंडळाची जणू खूणच झाली.

आणि मग १९६२. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. चीनने आक्रमण केले नि देशभर बायका जवानांसाठी लोकरीचे कपडे विणायला बसल्या. आमच्या वाड्याच्या चौकातही संध्याकाळी सात-आठ जणी जमू लागल्या. दोन सुलट, दोन उलट. एका काकूंना बोलता बोलता मोजण्याचे भान राहिले नाही आणि त्यांच्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब झाली. ती उभी धरून दुसऱ्या काकू म्हणाल्या, "हा जवान बसल्या जागेवरून शत्रूची मानगूट धरील!" चौक हसून हसून आडवा झाला. त्या घोळक्यात एक मामी होत्या, त्यांचा धाकटा भाऊ सरहद्दीवर होता नि महिन्याभरात पत्र नव्हते. त्याही हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे हसणे रडण्यात गेले. कोणी त्यांची समजूत घातली नाही. माझ्या आईने त्यांच्या हातातल्या सुया फक्त घेतल्या नि त्यांची अर्धी राहिलेली ओळ पुरी केली. दुसऱ्या दिवशी ती लांब बाही उसवून नीट विणली गेली. भाऊ पुढे सुखरूप परतला. पण त्या संध्याकाळी ते कोणाला ठाऊक होते? मामींना त्या वेळी रडायला जागा मिळाली ती हसण्यातून.

हे केवळ आपल्याकडचेच आहे असे नाही. अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम म्हणून विकत होते, त्या काळात बॉस्टन शहरातील बायकांनी १८३३ साली गुलामगिरीविरोधी संस्था काढली. त्या एकत्र बसून शिवत आणि १८३४ पासून दरवर्षी जत्रा भरवून त्या वस्तू विकत. पैसा चळवळीला जाई. तशा जत्रांतल्या वस्तूंवर त्या गमतीदार वाक्ये भरत. सुया ठेवायच्या घडीवर लिहीत की, आमच्या सुया गुलामांच्या मालकांच्या मनाला टोचोत. टाक पुसायच्या फडक्यावर लिहीत की, गुलामगिरीचा डाग पुसून टाका. बाजारात बायकामाणसे माणसांसारखी विकली जात असताना यांना विनोद सुचला कसा, असे कोणी म्हणेल. मला वाटते, एकट्या बसल्या असत्या तर सुचला नसता.

आपल्या काळातलीच आणखी एक गोष्ट सांगते. अफगाणिस्तानातील हेरात शहर १९९५ साली तालिबानांच्या ताब्यात गेले आणि मुलींच्या शाळा बंद झाल्या. शिवण शिकायला मात्र बंदी नव्हती. तेव्हा तेथे 'सोनेरी सुई' नावाचा शिवणवर्ग निघाला. बायका बुरखे घेऊन, पिशवीत कापड आणि कात्री घेऊन एका प्राध्यापकांच्या घरी जात. कापडाखाली वही असे. आत साहित्याचे पाठ चालत. बाहेर मुले खेळत आणि कोणी आले तर आत वर्दी देत. नादिया अंजुमन ही कवयित्री त्या वर्गातलीच. २००१ मध्ये ती राजवट गेली; २००५ मध्ये नादिया ऐन पंचविशीत वारली; आणि २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले नि मोठ्या मुलींच्या शाळा पुन्हा बंद झाल्या. हे वाचले त्या दिवशी मी आपल्या वर्गाच्या दारात क्षणभर थांबले. दार सताड उघडे होते नि आतून हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. तो दाबायला आम्हांला कोणी सांगितलेले नाही.

आता आपल्या वर्गाकडे येते. नाव कोणाचेही घेत नाही; वाचणाऱ्या ओळखतील. दोन वर्षांपूर्वी आपल्या एका भगिनीचे यजमान अचानक गेले. तीन महिने त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग एका गुरुवारी शेजारीण त्यांना घेऊन आली. त्या कोपऱ्यात बसल्या. कोणी दिले तर सुईत दोरा ओवून देत, बोलत नसत. असे तीन गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी मी पिशवीची कड शिवत होते. शिवून झाली, म्हणून ऐटीत उठले, तो पिशवी माझ्याबरोबर उठली! मी ती स्वतःच्याच पदराला शिवून घेतली होती. सगळ्या हसल्या, आणि कोपऱ्यातूनही हसण्याचा आवाज आला. क्षणभर सगळ्या थबकलो. त्या बाईंनी घाबरून तोंडावर हात धरला, जणू हातून काही अपराध घडला! तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वडील आजींनी कात्री त्यांच्याकडे सरकवली नि म्हणाल्या, "हसून झाले असेल तर आता हिला सोडव बाई." त्यांनी एकेक टाका जपून उसवला. पदराला भोकसुद्धा पडले नाही. त्या दिवसापासून त्या एकही गुरुवार चुकल्या नाहीत, आणि आज नव्या मुलींना क्रोशाचे खांब त्याच शिकवतात.

ही जमा हिशेबाच्या वहीत कोणत्या रकान्यात धरायची, ते आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगावे.

माझ्या मैत्रिणीवर माझा राग नाही. मंडळाचे पैसे जपणे हे तिचे काम आहे आणि ती ते चोख करते. तूट आहे हे मला मान्य आहे. म्हणून वर्गातल्या आम्ही सर्वजणींनी मिळून ठरवले आहे की, दोरा-लोकर आणि गुरुवारची वीज यांचा खर्च आम्ही दरमहा वर्गणी काढून भागवू. वार्षिक सभेत हा ठराव येईल. भगिनींनी मत देण्यापूर्वी एकदा, एकदाच, गुरुवारी तीन वाजता येऊन बसावे. सुई येत नसली तरी चालेल, दोरा ओवून द्यावा. जात्यावरच्या ओव्या शोधायला पुढे कोणाला तरी गावोगाव हिंडावे लागले. आपले हसणे अजून वरच्या मजल्यावर, चालू आहे.

येताना पदर मात्र सांभाळावा. कोणाच्या शिवणीत जाईल, नेम नाही.