संगणकाची स्मृती संपते तेव्हा...

संगणकावरील प्रत्येक प्रोग्रॅमला स्मृती, म्हणजे रॅम, वाटून देण्याचे काम कार्यप्रणालीचा गाभा असलेला कर्नल करतो. लिनक्सचा कर्नल शिल्लक असलेल्यापेक्षा अधिक स्मृती देण्याचेही कबूल करतो; कारण मागितलेली सारी स्मृती सहसा वापरली जात नाही. हा अंदाज चुकल्यास तो रॅममधील फायलींच्या प्रती काढून टाकतो, क्वचित लागणारी माहिती डिस्कवर हलवतो. तेही अपुरे पडले, तर यंत्रणा वाचवण्यासाठी एका प्रोग्रॅमचा बळी दिला जातो. २०१० पासून ही निवड मुख्यत्वे व्यापलेल्या स्मृतीवरून होते. त्यामुळे सर्व्हरवरील सर्वांत मोठा, आणि बहुधा सर्वांत गरजेचा, डेटाबेसच बंद पडू शकतो. व्यवस्थापकाने त्याच्या नावे उणे १००० ही नोंद आधीच केलेली असल्यास मात्र त्याला अभय मिळते. बळी दुसऱ्याचा जातो.