मोडलेला कणा

रस्त्यावर गाडीखालीं सांपडलेलें कुत्रें आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. पुढच्या दोन पायांवर अंग ओढीत तें कडेला येतें. मागचे पाय चिंधीसारखे फरफटत असतात. भोंवतीं चार माणसें जमतात, हळहळतात, आणि त्यांतील एखादा जाणता गृहस्थ निकाल देऊन टाकतो, "कणा मोडला, आतां याला सोडवावें हेंच बरें." हा निकाल फार जुना आहे आणि बहुतेक वेळां तो खराही ठरत असे. परंतु तो केव्हां खरा आणि केव्हां घाईचा, हें ओळखण्याची रीत माणसाला फार उशिरां सांपडली. ज्या प्राण्यांच्या देहावरून ती सांपडली, त्यांच्या वांट्याला तिचा लाभ त्याहूनही उशिरां आला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

कणा म्हणजे शरीराचा आधारस्तंभ, असें मी वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. तें अर्धेंच सत्य आहे. मणक्यांच्या कमानी एकापुढें एक येऊन त्यांची एक नळी होते, आणि त्या नळींतून मज्जारज्जु जातो. मेंदूचे हुकूम त्याच्यांतून खालीं जातात व अंगाच्या वार्ता वर येतात. दोन मणक्यांच्या मध्यें एक गादी असते. तिचें कडें चिवट व गाभा मऊ. हाड मोडलें तर तें जुळून येतें. रज्जु चिरडला, तर मात्र प्रश्न निराळा होतो.

दुसऱ्या शतकांत रोमन साम्राज्यांत गेलन नांवाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. पर्गामम या आपल्या जन्मगांवीं तो प्रथम रिंगणांत झुंजणाऱ्या ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. पुढें त्यानें डुकराच्या पिलांचा व इतर जनावरांचा मज्जारज्जु निरनिराळ्या ठिकाणीं कापून पाहिला. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्यें सुरी फिरली कीं प्राणी तत्काळ मरे. तिसऱ्या-चौथ्यामध्यें फिरली कीं श्वास थांबे. सहाव्याच्या खालीं फिरली तर छातीचे स्नायू लुळे पडत, पण छाती व पोट यांमधील पडद्याच्या बळावर श्वास चालूं राही. रज्जु मधोमध उभा चिरला तर अवयव लुळे पडत नसत. एका अंगानें अर्धा आडवा कापला तर त्याच अंगाचे अवयव जात. भूल देण्याची विद्या तेव्हां नव्हती, हें हा वृत्तांत वाचतांना विसरतां येत नाहीं. वैद्यकाला त्यांतून नकाशा मिळाला. पिलांना कांहीं मिळालें नाहीं.

त्यानंतर दीड हजारांहून अधिक वर्षें या नकाशांत फारशी भर पडली नाहीं. १८२२ सालीं पॅरिसच्या माझांदीनें कुत्रीचीं सहा आठवड्यांचीं आठ पिलें घेऊन, रज्जूंतून निघणाऱ्या मज्जातंतूंचीं मुळें कापून पाहिलीं. मागचीं मुळें कापलीं तर संवेदना जाते, पुढचीं कापलीं तर हालचाल जाते, असें त्याला आढळलें. या शोधाच्या मानाबद्दल इंग्लंडच्या चार्ल्स बेलशीं त्याचा मोठा तंटा झाला; त्यांत आपणांस शिरावयाचें कारण नाहीं. आपल्या कामाचें तें इतकेंच कीं, जाणण्याची वाट वेगळी व हलण्याची वाट वेगळी.

याहून चमत्कारिक गोष्ट १८७४ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें गोल्ट्सच्या प्रयोगशाळेंत दिसून आली. फ्रॉइसबेर्क या शास्त्रज्ञानें असें पाहिलें कीं, ज्याचा मज्जारज्जु पुरता कापला आहे असें कुत्रें उचलून धरलें आणि त्याचे मागचे पाय मोकळे लोंबूं दिले, तर ते पाय आळीपाळीनें चालल्यासारखे हलूं लागतात. मेंदूचा निरोप खालीं पोंचत नसतो, तरी पाय चालत असतात! पावलें टाकण्याची यंत्रणा रज्जूच्या खालच्या भागांतच कोठें तरी बसविलेली आहे, असा याचा अर्थ. पुढें इंग्लंडांत शेरिंग्टन यानें या प्रतिक्षिप्त क्रियांचा कसून अभ्यास केला.

हें केवळ पंडितांच्या कुतूहलाचें नाहीं. घरचा कुत्रा लुळा पडला कीं धनी त्याच्या मागच्या पायाचें बोट चिमटून पाहतो. पाय झटकन आखडतो, आणि घरांतील मंडळी आनंदून म्हणतात, "त्याला कळतें आहे!" पण पाय आखडणें हें रज्जूच्या खालच्या तुकड्याचें काम आहे, तुटलेल्या रज्जूंतही तें चालतें. बोटाचें हाड घट्ट दाबल्यावर कुत्रा मान वळवतो काय, केकाटतो काय, चावावयास धांवतो काय, हें पाहावयाचें. तसें झालें तर वेदना मेंदूपर्यंत पोंचली, म्हणजे रज्जु पुरता तुटलेला नाहीं. पशुवैद्य आज याच एका खुणेवर सर्वांत अधिक विश्वास ठेवतात.

इलाजाची दिशा प्रथम दाखविली ती अमेरिकेंतील आल्फ्रेड रेजिनाल्ड अॅलन यानें. १९११ मध्यें त्यानें भूल दिलेल्या कुत्र्यांच्या उघड्या केलेल्या रज्जूवर ठराविक उंचीवरून ठराविक वजन सोडलें, व मग कांहीं कुत्र्यांचा रज्जु मधोमध उभा चिरून आंत सांचलेलें रक्त व द्रव बाहेर जाऊं दिला. हीं कुत्रीं इतरांपेक्षां चांगलीं सुधारलीं. म्हणजे नाश केवळ घावानें होत नाहीं. घावानंतर आंत जें कांहीं घडत राहतें, तेंही रज्जूला खातें, आणि म्हणून मध्यें पडावयास वैद्याला थोडा अवसर असतो. हा विचार आज सर्वमान्य आहे. अॅलन स्वतः १९१८ मध्यें फ्रान्सच्या रणभूमीवर मरण पावला.

आतां मोटारीवांचून लुळ्या पडणाऱ्या कुत्र्यांविषयीं. डाक्सहुंड ही आंखूड पायांची, लांब पाठीची जात पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. हा प्राणी सकाळीं खेळत असतो आणि संध्याकाळीं त्याचे मागचे पाय गेलेले असतात. १८९६ मध्यें डेक्सलर या पशुवैद्यानें अशा कुत्र्यांच्या कण्याच्या नळींत कूर्चेसारखे गोळे पाहिले व ती कूर्चेचीच विकृत वाढ समजली. गंमत अशी कीं, माणसांच्या शस्त्रवैद्यांनींही हीच चूक केली. १९३४ मध्यें बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनीं दाखवून दिलें कीं, हे गोळे म्हणजे मणक्यांमधील गादीचा बाहेर आलेला गाभा होय. कुत्र्यांच्या बाबतींत स्वीडनमध्यें हॅन्सेन यानें १९५२ च्या प्रबंधांत हा विषय पुरता उलगडला. आंखूड पायांच्या जातींत गादीचा गाभा लहानपणींच सुकून कठीण होतो आणि एखाद्या साध्या उडीनेंही फुटून रज्जूवर आदळतो. माणसानें हौसेनें घडविलेल्या रूपाची ही किंमत कुत्र्याला द्यावी लागते, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

याच सुमारास पशूंवरील शस्त्रक्रियेला खरी सुरुवात झाली. मणक्याच्या कमानीची एक बाजू कोरून काढावयाची, नळी उघडी करावयाची, आणि रज्जूला धक्का न लावतां बाहेर आलेला गाभा उचलून घ्यावयाचा, ही आजची मुख्य रीत. हाडच मोडलें असेल तर खिळे व स्क्रू यांनीं मणके जखडतात. गादी फुटलेल्या कुत्र्याची वेदना शाबूत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहांतील नऊ कुत्रीं पुन्हां चालूं लागतात. वेदना गेली असेल, तरीही सुमारें निम्मीं सुधारतात. मोटारीनें कणा मोडून वेदना गेलेल्या कुत्र्याची आशा मात्र फारच थोडी. तेव्हां रस्त्यावरच्या त्या जाणत्या गृहस्थाला सर्वस्वीं चूक म्हणतां येत नाहीं. त्यानें बोट दाबून पाहिलेलें नसतें, एवढाच त्याचा दोष.

घोड्यांची गोष्ट उलट दिशेची आहे. मानेंतील मणके रज्जूला दाबूं लागले कीं घोडा झिंगल्यासारखा चालतो. अमेरिकेंतील अस्थिवैद्य जॉर्ज बॅग्बी यानें पशुवैद्यांच्या साह्यानें, हाडाचा चुरा भरलेली सच्छिद्र पोलादी नळी दोन मणक्यांमध्यें बसवून ते सांधण्याची युक्ति काढली. घोड्यांवर ती यशस्वी झाली, आणि तिच्यावरून बनविलेलें साधन पुढें माणसांच्या कमरेंत बसूं लागलें. अमेरिकन सरकारनें त्याला १९९६ मध्यें मान्यता दिली. शर्यतींत गाजलेला सिॲटल स्ल्यू हा घोडा म्हातारपणीं, २००० सालीं, मानेच्या अशाच शस्त्रक्रियेंतून उठला व आणखी दोन वर्षें जगला.

शस्त्रक्रिया कांहीं तासांची, पण खरें काम पुढेंच असतें. लुळ्या कुत्र्याला आपलें मूत्राशय रिकामें करतां येत नाहीं. दिवसांतून तीन-चार वेळां पोट दाबून तें रिकामें करावें लागतें, नाहीं तर विकार मूत्रपिंडापर्यंत जातो. दर कांहीं तासांनीं कूस बदलावी लागते, बिछाना कोरडा ठेवावा लागतो, पोटाखालीं पंचा घालून पावलें टाकावयास लावावें लागतें. हें काम बहुधा घरच्या बायामाणसांवर येतें, आणि बरीं झालेलीं पुष्कळ कुत्रीं त्यांच्या हातांनीं बरीं झालेलीं असतात.

२०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगासाठीं केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनीं अशीं चौतीस घरचीं कुत्रीं धन्यांच्या संमतीनें घेतलीं. त्यांच्या मागच्या अंगाची जाणीव कधींच गेलेली होती. तेवीस कुत्र्यांच्या रज्जूंत त्यांच्याच नाकाच्या अस्तरांतील पेशी टोंचल्या. उरलेल्यांच्या रज्जूंत नुसता द्रव. कोणाला काय दिलें हें धन्यांना ठाऊक नव्हतें. ज्यांना पेशी मिळाल्या त्यांचे मागचे पाय पुढच्या पायांशीं अधिक जुळवून पडूं लागले. फिरत्या पट्ट्यावर तीं कुत्रीं चाललीं. पण फ्रॉइसबेर्कनें पाहिलेल्या त्या खालच्या यंत्रणेपलीकडे मेंदूशीं दुवा पुन्हां जोडला गेल्याचें दिसलें नाहीं. मूत्राशयावरील ताबाही आला नाहीं. संध्याकाळीं घरीं आल्यावर त्यांच्या धन्यांना पोट दाबावयास बसावेंच लागे.