वाकडं खोड

"आजोबा, वाळूजला जंगल होतं का?" नातीनं परवा विचारलं. शाळेत वृक्षतोडीवर निबंध लिहून न्यायचा होता. म्हटलं, जंगल नव्हतं बाई, बाभळी होत्या.

जंगल होतं ते तिकडे अजिंठ्याच्या डोंगरात. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथं वाघाच्या मागावर गेला आणि झाडीआडची लेणी त्याला दिसली. आमच्या बाजूला पाऊस बेताचा, जमिनीत हातभर खाली मुरूम. मलिक अंबरानं १६१० मध्ये शहर वसवलं, त्याचं नावच मुळी खडकी. अशा मातीत साग उभा राहत नाही. बाभूळ राहते, लिंब राहतो, बोर, हिवर, तरवड राहतात. खाम नदीच्या काठानं, बांधाबांधानं आणि गायरानात जे काही हिरवं होतं, ते एवढंच. त्याला वन म्हणावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आमचं घर सुताराचं. खळ्यावर ज्वारी मिळायची, तिच्या बदल्यात वर्षभर औतं दुरुस्त करून द्यायची. नांगर, वखर, तिफण, जू, सगळं बाभळीचं. वडील बांधावरून चालताना झाडाकडे बघत चालायचे. नांगराला सरळ खोड चालत नाही, जन्मतःच वाकलेलं लागतं. असं एखादं दिसलं की मालकाला सांगून ठेवायचे, "याला हात लावू नका, अजून चार वर्षं आहेत." तोडायचं ते अंधाऱ्या पाखात, म्हणजे लाकूड किडत नाही, हा त्यांचा पक्का समज. मग ओंडका खामच्या डोहात भिजत पडायचा. त्या डोहात आम्ही पोहायचो. आज तिथं हात घालवत नाही.

उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं शेतात बसायची. ती बाभळीच्या शेंगा खायची आणि लेंडीतून बी पडायचं. पोटातून आलेलं बी लवकर रुजतं. पावसाळ्यात बांधावर रोपं दिसायची, शेतकरी त्यातली दोन-चार राखायचा. सगळी नाही राखायचा. बाभळीखाली पीक खुरटतं, हे तोही जाणून होता. विहिरीवर झुकलेल्या फांदीला सुगरणीचे खोपे लटकलेले असत.

१९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा. माणसं रोजगाराच्या कामावर सुकडी खात होती आणि गुरं बाभळीच्या पाल्यावर जगत होती. झाडं ओरबाडली गेली, जळणासाठी तुटलीही. तरी दोन पावसाळ्यांनी बांधावर पुन्हा काटेरी पोरं उभी राहिली.

मग एमआयडीसी आली. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मागोमाग कितीतरी शेडं उठली. छोट्या पंढरपूरला आषाढीची जत्रा भरते, तिकडे जाणारी वाट शेताशेतांतून होती. तिचा कारखान्यांमधला रस्ता झाला. मी एका वर्कशॉपात लेथवर लागलो. गावात लोखंडी नांगर, मग ट्रॅक्टर, गाडीला रबरी चाकं. वडिलांचा वाकस खुंटीला लागला.

लोक म्हणतात, सुतारानं झाडं संपवली. मला उलटं वाटतं. औत होतं तोवर प्रत्येक वाकड्या खोडाला कुणीतरी राखणदार होता. औत गेलं आणि बाभळीची किंमत जळणाच्या भावावर आली. शेतं प्लॉट झाली, बांध मोडले, ओंडके वीटभट्टीला गेले. आमच्या बांधावरच्या सात मी स्वतः विकल्या, १९९१ मध्ये, मोटारसायकलीच्या पैशांसाठी. वडील काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी जेवले नाहीत.

आता नाल्याकाठी वेडी बाभूळ माजली आहे. तिचं ना औत होतं, ना तिच्यावर मला खोपा दिसतो. २०१९ मध्ये राज्यभर ३३ कोटी झाडं लावायची मोहीम निघाली, तेव्हा आमच्याकडेही खड्डे झाले. त्यांत बाभूळ मला तरी दिसली नाही. काट्याचं झाड कोण लावतं म्हणा! आणि २०२१ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत गौताळ्यात आला. त्याला तिथं निदान डोंगराची झाडी होती.

नातीला मी मागच्या अंगणात नेलं. वडिलांनी केलेल्या शेवटच्या चाकाचा तुंबा तिथं आहे, आम्ही त्यावर पाण्याची घागर ठेवतो. घागर उतरवून तिनं आऱ्यांची भोकं बोटानं मोजली. बारा भरली. मग वहीत लिहिलं आणि विचारलं, "आजोबा, बाभळीतला भ जोडून लिहायचा का?"