घायाळ मेंदू आणि एकेक पेशी

यवतमाळ जिल्ह्यांतल्या एखाद्या जिनिंगच्या आवारांत हंगामांत उभें राहिलें, म्हणजे अनेक गांवच्या कापसाचा एकच पांढरा ढीग दृष्टीस पडतो. सरकी निघून रुईच्या गांठी बांधल्या गेल्या, कीं कोणाचें शेत पिकलें आणि कोणाचें बोंडअळीनें खाल्लें, हें त्या गांठींवरून ब्रह्मदेवालाही सांगतां येणार नाहीं. जखमी मेंदूच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे अशा ढिगांतून एकेका शेतापर्यंत पोंचण्याचा इतिहास होय, असें आम्हांस वाटतें.

१८७३ सालीं इटलींतील गॉल्जीनें रुप्याच्या क्षारानें चेतापेशी रंगविण्याची युक्ति शोधून काढली. तिच्याच साह्यानें स्पेनच्या काहालनें मेंदू हें अखंड जाळें नसून स्वतंत्र पेशींचा समुदाय आहे, असें प्रतिपादिलें. १९०६ चें नोबेल पारितोषिक उभयतांस विभागून मिळालें. गॉल्जीनें मात्र काहालचें मत मान्य केलें नाहीं! परंतु या पाहणींत पेशीचा आकार दिसे, अंतरंग दिसत नसे. पुढें कोणतें जनुक जागें व कोणतें निद्रिस्त, हें आर. एन. ए. मोजून कळूं लागलें. पण त्यासाठीं मेंदूचा तुकडाच वाटावा लागे. हातीं येई ती सरासरी, म्हणजे पुन्हा कापसाचा ढीगच.

जनुकाचा हा व्यापार क्षुल्लक नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेनें २०११ सालीं दाखविलें, कीं उंदराच्या वाढत्या मेंदूंत, हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या भागीं, एलएचएक्स-२ हें जनुक कार्यरत असेल तर चेतापेशी निपजतात; तें मालवलें तर त्यांच्याऐवजीं आधारपेशी निपजूं लागतात.

एकट्या चेतापेशींतील आर. एन. ए. वाढवून तपासण्याचें काम अमेरिकेंत एबरवाइन यांनीं १९९२ सालीं केलें होतें. २०१५ सालीं एकेक पेशी सूक्ष्म थेंबांत कोंडून प्रत्येकीस निराळी खूण लावण्याची रीत निघाली, आणि हजारों पेशींची स्वतंत्र जबानी घेतां येऊं लागली. २०१८ सालीं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं डोक्यास सौम्य आघात झालेल्या उंदरांचा हिप्पोकॅम्पस असाच तपासला. निरनिराळ्या जातींच्या पेशींनीं आघातास निरनिराळा प्रतिसाद दिला होता. थायरॉइडचा स्राव वाहून नेणाऱ्या प्रथिनाचें टीटीआर हें जनुक मात्र अनेक जातींत चेतलें होतें. त्या धाग्यावरून उंदरांस थायरॉक्सिन दिलें, तों त्यांची स्मरणशक्ति सुधारली.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि पांढरकवड्याजवळून जाणाऱ्या महामार्गावर दुचाकीवरून पडलेला एखादा तरुण बरा होऊन घरीं येतो, छायाचित्रांत दोष दिसत नाहीं, आणि आई म्हणते, “हा आमचा पहिला पोरगा नव्हे.” तिचें म्हणणें खोटें नसतें, बिघाड कोठल्या पेशींत आहे, हें विचारण्याचें साधनच आजवर नव्हतें. तें आतां हातीं येत आहे, आणि म्हणून हा इतिहास आम्हांस दूरचा वाटत नाहीं.