लखनौहून गेलेले टिपण

8 ऑक्टोबर 1959 ही तारीख लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची तारीख मानावी लागते. ईस्टर्न कमांडचे मुख्यालय तेव्हा लखनौला होते आणि थोरात तिचे प्रमुख होते. नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, संरक्षणाविषयीचे त्यांचे टिपण त्या दिवशी दिल्लीच्या लष्करी मुख्यालयाकडे गेले.

टिपणाची वेळ ध्यानात घेतली पाहिजे. त्याच वर्षी 25 ऑगस्टला नेफातल्या लोंगजूच्या चौकीवर चिनी सैन्याने गोळीबार केला होता. चौथी इन्फन्ट्री डिव्हिजन पंजाबातून आसामात आली ती त्या वर्षाच्या अखेरीस. थोरातांचे म्हणणे असे, की मॅकमहोन रेषेवर, म्हणजे नेफाच्या चीनलगतच्या सीमेवर, जागोजागी पाय रोवून लढता येणार नाही. सीमेवरच्या चौक्यांनी शत्रूची चाहूल द्यावी. खरी लढाई मागे, बोमडिलासारख्या ठाण्यांच्या रेषेवर द्यावी, कारण तिथे आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते.

हे लिहिणारा माणूस कागदी सेनापती नव्हता. 1906 मध्ये कोल्हापूर भागातल्या वडगावात जन्मलेले थोरात सँडहर्स्टमधून 1926 मध्ये अधिकारी झाले. 1945 च्या जानेवारीत ब्रह्मदेशाच्या आराकान भागातल्या कांगाव येथे 51 व्या ब्रिगेडच्या तीन पलटणींचे नेतृत्व थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन या तीन भारतीयांकडे होते. तिघांनाही ‘डीएसओ’ हा लष्करी सन्मान मिळाला. 1953 मध्ये कोरियात मायदेशी परतायला नकार देणारे 22 हजारांहून अधिक युद्धकैदी थोरातांच्या ‘कस्टोडियन फोर्स’च्या ताब्यात होते. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या छावणीत शिरले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणले.

टिपण पाठवून ते स्वस्थ बसले नाहीत. 17 मार्च 1960 रोजी लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन त्यांनी आपली गृहीतके वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर तपासून दाखवली. मे 1961 मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांबरोबर तेही निवृत्त झाले. ईस्टर्न कमांड सेन यांच्याकडे गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सीमेकडे पुढे सरकून चौक्या उभारण्याचे धोरण ठरले. 20 ऑक्टोबर 1962 ला चीनने हल्ला केला, नेफातल्या नामका चू नदीकाठी भारताची सातवी ब्रिगेड एका दिवसात कोलमडली, आणि महिनाभरात बोमडिलाही पडले.

टिपणाचे दिल्लीत काय झाले, ते आपल्याला कळते तो थोरातांच्या आत्मचरित्रातून. थिमय्यांनी टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना दाखवले आणि मेनन यांनी ते झिडकारले. युद्धानंतर पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले, आणि टिपण आपल्यापर्यंत आलेच नव्हते असे त्यांच्या बोलण्यातून दिसले. इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले 1986 मध्ये. तोवर नेहरू 1964 ला, थिमय्या 1965 ला आणि मेनन 1974 ला गेले होते. खंडन वा पुष्टी करू शकणारे तिघेही उरले नव्हते. म्हणून मेनन-नेहरूंचा प्रसंग मी थोरातांची साक्ष म्हणूनच नोंदवतो.

थोरातांची योजना स्वीकारली असती तर युद्ध जिंकलो असतो, असे म्हणणेही रास्त नाही. तिला रस्ते हवे होते, सैन्य हवे होते, आणि ते देणे लखनौच्या हातात नव्हते. पण एवढे नक्की, की बोमडिला पडण्याच्या तीन वर्षे आधी एका सेनापतीने वाटा, अंतरे आणि रसद यांचा हिशेब मांडला होता आणि तो वरिष्ठांसमोर ठेवला होता. निवृत्तीनंतर थोरात महाराष्ट्रात परतले, राज्य लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि 1992 मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी वाचकांनी त्यांना भाकीत खरे ठरलेला द्रष्टा म्हणून आठवू नये. अप्रिय निष्कर्ष वेळेवर, लेखी आणि आपल्या नावानिशी मांडणारा अधिकारी म्हणून आठवावे. माझ्या लेखी हा मान मोठा आहे, कारण त्याला कागदाचा आधार आहे.